नवीन मेंबरच्या पहिल्या तीन पोस्ट: केळीच्या ग्रुपवर स्पॅम कसा अडवायचा

मे महिना लागला की आमच्या केळीच्या ग्रुपवर जॉईन रिक्वेस्टची रांग लागते. मृगबागेची, म्हणजे जून-जुलैत लावायच्या केळीची, लागण तोंडावर आलेली असते, चांगल्या ठिकाणचं रोपांचं बुकिंग फुल्ल झालेलं असतं, ज्याला रोपं मिळाली नाहीत तो रोज चार फोन फिरवत असतो, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी नवीन मेंबर येऊन टाकतो, "जी नाईन टिश्यू रोपं, बाजारभावाच्या निम्म्यात, घरपोच, थोडासा ॲडव्हान्स." सोबत हिरव्यागार शेडनेटचा फोटो. दोन वर्षांमागे अशीच एक पोस्ट आमच्या फेसबुक ग्रुपवर रात्री पडली, सकाळी आम्ही ती काढेपर्यंत यावल तालुक्यातल्या एका भावाने ॲडव्हान्स पाठवून दिला होता. नंबर दुपारपर्यंत बंद. तो माणूस आम्हाला एक शब्दही वाकडा बोलला नाही, फक्त म्हणाला, "ग्रुपवर होतं म्हणून विश्वास ठेवला भो."

त्या दिवसापासून आम्ही नियम केला की नवीन मेंबरच्या पहिल्या तीन पोस्ट माणसाच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय ग्रुपवर जाणार नाहीत, आणि तीन नीट गेल्या की त्याला मोकळं सोडायचं. हे कसं करायचं, कुठे चुकतं, हे सगळं इथे लिहितोय, कारण रावेर, सावदा, चोपडा, शिरपूर भागातले चार-पाच ग्रुपवाले मला हेच विचारत असतात आणि प्रत्येकाला फोनवर सांगायचं म्हणजे अर्धा तास जातो.

नवीन मेंबरवरच नजर का, तर स्पॅमवाल्याकडे थांबायला वेळ नसतो. त्याचं अकाउंट कधीही बंद होणार हे त्याला माहीत असतं, म्हणून आल्या आल्या लिंक किंवा नंबर टाकून मोकळं व्हायचं आणि पुढच्या ग्रुपवर जायचं, असंच त्याचं काम चालतं. त्याला एक दिवस जरी थांबवलं तरी तो निघून जातो, उलट ज्याच्या बागेत खरंच काही झालंय तो उत्तरासाठी परत येतोच. चर्चेच्या साइट चालवायची जी सॉफ्टवेअरं आहेत ती पण याच हिशोबावर चालतात. डिस्कोर्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन माणूस शून्य पायरीवर असतो, त्याला लिंक आणि फोटो मोजकेच टाकता येतात, आणि वरची पायरी मिळवायला मूळ सेटिंगप्रमाणे निदान ५ विषय उघडून, ३० पोस्ट वाचून, १० मिनिटं वाचनात घालवावी लागतात. म्हणजे आधी वाच, मग बोल. आपल्याकडे फेसबुक-व्हॉट्सॲपला हे सगळं आपोआप होत नाही, बरंचसं हाताने करावं लागतं, एवढाच फरक.

पहिलं काम दाराशी. फेसबुक ग्रुपला जॉईन होताना तीन प्रश्न विचारता येतात, ते रिकामे ठेवू नका. आम्ही विचारतो: गाव आणि तालुका कोणता, बाग मृगबाग की कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली) आणि किती खोड, म्हणजे केळीची झाडं, आणि ग्रुपवर कशासाठी यायचंय. दुसऱ्या प्रश्नावर बनावट माणूस लगेच उघडा पडतो, त्याला खोडांचा हिशोब माहीतच नसतो, तो "यस" किंवा "ओके ॲडमिन" लिहून पुढे जातो. पण एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. मधे आम्ही प्रश्न ठेवला होता की हरण्या म्हणजे काय, वाटलं की केळीवाल्याला हे माहीत असणारच. तर करमाळ्याकडचे, नांदेडकडचे खरे केळीवाले अडकायला लागले, कारण सीएमव्ही व्हायरसने केळीला होणाऱ्या रोगाला हरण्या म्हणतात ते आपल्या जळगाव भागात, बाकीच्यांनी ते का ओळखावं. प्रश्न परीक्षेसारखा नको, गप्पा मारताना आपण पाहुण्याला विचारतो तसा पाहिजे.

उत्तर न देणाऱ्याला लगेच नाकारायचं का? माझं मत, नाही. खूप जण मोबाईलवर टाइप करायला कंटाळतात, काही जणांना नातवाने ग्रुप जोडून दिलेला असतो. प्रोफाईल उघडून बघा: अकाउंट कधीचं आहे, आपल्या भागातले दोन-चार लोक मित्र आहेत का, फोटो एकच आहे की घरचे, लग्नाचे, बैलपोळ्याचे आहेत. एवढ्यावरून दहातल्या आठांचा अंदाज येतो, उरलेल्यांना आत घ्या, पण त्यांची पोस्ट अडवून ठेवा. दार थोडं सैल आणि पहिल्या पोस्टवर नजर कडक, हे जास्त चांगलं चालतं.

आता खरं काम, पोस्ट रोखायचं. फेसबुकवर ग्रुपच्या सेटिंगमध्ये पोस्ट अप्रूव्हल चालू करता येतं, सगळ्यांसाठी किंवा एखाद्याच मेंबरपुरतं, आणि ॲडमिन असिस्ट नावाचा भाग आहे तिथे अटी लावता येतात, म्हणजे अमुक शब्द असेल, लिंक असेल तर पोस्ट आपोआप बाजूला काढायची. सेटिंगची नावं आणि जागा हे लोक बदलत राहतात, सापडलं नाही तर ॲडमिनच्या पानावर शोधा. अटी लावताना एक जपा: आपोआप "नाकारा" असं कमी ठेवायचं, "थांबवून ठेवा" असं जास्त. नाकारलेलं कोणी परत बघत नाही, थांबवलेलं निदान आपल्या डोळ्यासमोर येतं.

शब्दांच्या यादीत आम्ही काय ठेवलंय सांगतो. झटपट लोन, घरबसल्या कमाई, टास्क, ट्रेडिंग टिप्स, गॅरंटी, एपीके (प्ले स्टोअरबाहेरून पाठवलेली ॲपची फाईल), आणि टेलिग्राम-व्हॉट्सॲपच्या छोट्या लिंका. पण यादीत "ॲडव्हान्स" किंवा "नर्सरी" टाकू नका, निम्मे खरे शेतकरी त्यात अडकतील. आणि एक गोष्ट पुण्या-मुंबईकडच्या माणसाला कळणार नाही पण आपल्याला कळते, ती म्हणजे आपल्याकडे एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिला जातो. कोणी केळी लिहितो, कोणी केयी, कोणी इंग्रजी अक्षरात, अहिराणीवाला वेगळं, लेवा गणबोलीवाला वेगळं. स्पॅमवाला मात्र बहुतेक हिंदीतून कॉपी केलेलं किंवा मशीनने भाषांतर केलेलं मराठी टाकतो, ते इतकं शुद्ध आणि कोरडं असतं की वाचतानाच खटकतं, "आदरणीय शेतकरी बंधूंनो, आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी". ज्याच्या पोस्टमध्ये गावचा वास आहे त्याला मशीनने अडवलं तरी तुम्ही सोडा.

यावरून एक प्रसंग सांगतो, तो अजून मनात आहे. शिरपूरकडून एक नवीन मेंबर आला होता, प्रोफाईलला फोटो नाही, नाव पण अर्धंच, प्रश्नांची उत्तरं नाहीत. त्याने पानांचे तीन अंधुक फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "मना बागमा पानेस्वर पिवया पट्टा पडी ऱ्हायनात भाऊ, काय करानं?" फोटो जास्त, अकाउंट नवीन, म्हणून पोस्ट अडकली, आणि आम्ही तिघेही ॲडमिन त्या आठवड्यात लग्नकार्यात होतो. दोन दिवसांनी बघितलं. ती लक्षणं हरण्याची दिसत होती, आणि हरण्या मावा किडीमुळे पसरतो, एक झाड दिसलं की ते लगेच उपटून बागेबाहेर लांब नष्ट करायचं असतं, दोन दिवस म्हणजे खूप झाले. त्याला मी स्वतः फोन केला, माफी मागितली, आमच्यातल्या एका जाणकाराशी बोलणं करून दिलं. स्पॅम आत आला तर पैसे जातात, खरा माणूस बाहेर अडकला तर बाग जाते. दोन्ही नुकसान सारखंच मोजायचं, हे त्या दिवशी मला समजलं.

म्हणून थांबवलेली पोस्ट किती वेळात बघायची हे आधी ठरवा आणि मग पुढचं सगळं. आमचं ठरलंय, दिवसा एक तास, रात्री तीन तास, त्याच्या वर नाही. रात्रीचं म्हटल्यावर लोक विचारतात की रात्री कोण पोस्ट टाकतं? अहो, शेतीची लाईट पाळीने येते, ज्याची पाळी रात्रीची तो दोन वाजता मोटर चालू करून बांधावर बसलेला असतो, हातात मोबाईल असतो, तेव्हाच त्याला बॅटरीच्या उजेडात पानावरचा डाग दिसतो आणि तेव्हाच तो टाकतो. आमच्याकडे रात्रीचं काम एक भुसावळचा दादा बघतो, रेल्वेत आहे, त्याच्या स्वतःच्या तीन हजार खोडांची बाग भाऊ बघतो, नाईट ड्युटीवरून घरी जायच्या आधी तो रांग रिकामी करून टाकतो. सकाळचं माझ्याकडे, दुपारी माझा पुतण्या, तो पुण्याला नोकरीला आहे. तुमच्या ग्रुपला असा एक तरी रात्र जागणारा माणूस शोधा, रेल्वेवाला, दीपनगरच्या वीज केंद्रातला, हॉस्पिटलमधला, कोणीही. आणि ॲडमिन लग्नाला जाणार असेल तर आधी कळवायचं, हा नियम कागदावर पाहिजे.

रांगेतली पोस्ट बघताना काय बघायचं. समजा अशी पोस्ट आलीय, तुम्हीच वाचा: "राम राम शेतकरी मित्रांनो, माझी केळी मागच्या वर्षी खूप खराब होती, मग मला एका मित्राने हे औषध सांगितलं, आता घड बघा. माहिती हवी असेल तर फोटोत बघा." मजकुरात लिंक नाही, नंबर नाही, शब्दांच्या यादीत काही सापडणार नाही. पण फोटो मोठा करून बघितला तर खालच्या कोपऱ्यात नंबर छापलेला असतो, म्हणून फोटो मोठा केल्याशिवाय कधीच पास करू नका. मग गाव नाही, तालुका नाही, लागण कधीची ते नाही, औषधाचं नाव नाही. खरा शेतकरी आपल्या घडाचं कौतुक सांगताना फण्या किती, रास (घडाचं सरासरी वजन) किती किलोची हे सांगितल्याशिवाय राहत नाही. अशा पोस्टला आम्ही नाकारत नाही, फक्त विचारतो, "भाऊ गाव कोणतं, आणि औषधाचं नाव पोस्टमध्येच लिहा." खरा असेल तर पाच मिनिटांत लिहितो. खोटा असेल तर उत्तर येत नाही.

आणखी एक चलाखी आहे ती नीट लक्षात घ्या. काही जण पहिल्या तीन पोस्ट मुद्दाम साध्या टाकतात, "छान माहिती", "सुप्रभात", बाप्पाचा फोटो, आणि मोकळे झाले की मग जुन्याच पोस्टमध्ये एडिट करून लिंक घुसवतात. म्हणून आम्ही आता मोजतानाच ठरवलंय की शुभेच्छा, थँक्यू, अंगठा हे तीनमध्ये धरायचं नाही, ज्यात स्वतःच्या बागेचं किंवा दुसऱ्याच्या अडचणीचं काही बोललेलं आहे तेच मोजायचं. आणि कमेंट विसरू नका, पोस्ट अडवल्या की हे लोक कमेंटमध्ये शिरतात. बाजारभावाच्या पोस्टखाली तर हमखास, रोज संध्याकाळी रावेर आणि बऱ्हाणपूरचे भाव टाकले की त्याखाली "यापेक्षा जास्त भाव देतो, इनबॉक्स करा" म्हणणारे येतात.

पण विकणारा प्रत्येक जण स्पॅमवाला नसतो. आपल्याच भागातला रोपवाटिकावाला, ड्रीपवाला, शेणखत विकणारा, केळी कापणीची गॅंग लावणारा, या लोकांना जागा नाही दिली तर ते नाव बदलून घुसतील आणि तुमची भांडणं होतील. आम्ही रविवारी एकच पोस्ट ठेवतो, खरेदी-विक्रीची, त्याखाली कमेंटमध्ये प्रत्येकाने आपलं नाव, गाव, नंबर, दर टाकायचा. अट एवढीच, ग्रुपवर आधीचा निदान एक ओळखीचा मेंबर त्याला ओळखत असला पाहिजे. बाकी सहा दिवस जाहिरात नाही. याने आमचं निम्मं डोकं शांत झालं.

नाकारताना भाषा जपा. फेसबुक नाकारताना कारण लिहायची सोय देतं, ती वापरा. आमचं ठरलेलं वाक्य हे आहे: "दादा, तुमची पोस्ट आत्ता ग्रुपवर घेता आली नाही कारण त्यात लिंक आहे. माहिती मजकुरात लिहून परत टाका, लगेच घेतो." मोठ्या वयाच्या माणसाला अण्णा, नाना, बाईमाणूस असेल तर ताई. "नियमभंग झाला आहे" असलं सरकारी नोटिशीसारखं लिहिलं तर खरा माणूस परत येत नाही, आणि खोट्याला कशानेच फरक पडत नाही.

व्हॉट्सॲपचं गणित वेगळं. तिथे मेसेज आधी बघून मग पास करायची सोयच नाही, पडला की पडला. तिथे तीन गोष्टी करा. एक, नवीन मेंबरला ॲडमिनची मंजुरी लागेल ही सेटिंग चालू करा आणि ग्रुपची लिंक फ्लेक्सवर, फेसबुकवर उघडी टाकू नका, टाकली असेल तर लिंक रिसेट करा म्हणजे जुनी मरते. दोन, दोन ग्रुप ठेवा, आम्ही त्याला ओटा आणि माजघर म्हणतो. नवीन माणूस आधी ओट्यावर येतो, तिथे सगळे बोलू शकतात पण लोक कमी आणि दोन ॲडमिन कायम असतात, पंधरा दिवसांत नीट बोलला तर माजघरात. तीन, चुकीचं काही पडलंच तर ॲडमिन कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, हे कित्येक ॲडमिनना माहीतच नसतं. मेसेजवर दुहेरी बाणाची खूण असेल तर तो खूप वेळा फॉरवर्ड झालेला आहे, नवीन मेंबरचा पहिलाच मेसेज तसा असला तर आम्ही काढतो आणि त्याला सांगतो की स्वतःचं लिहा.

व्हॉट्सॲपवरचा मोठा धोका मात्र वेगळाच आहे, जो ग्रुपवर काहीच बोलत नाही तो. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर दिसतात, गप्प बसणारा ते नंबर घेतो आणि एकेकाला पर्सनलवर मेसेज टाकतो, "पीएम किसानचा हप्ता अडकलाय, ही फाईल उघडा" म्हणून एपीके पाठवतो. तुमच्या ग्रुपवर काहीच दिसत नाही, पण माणूस तुमच्याच ग्रुपचा. यावर आम्ही एक साधा उपाय केलाय, घरातला जुना मोबाईल, वेगळं सिम, शेतकऱ्याचं साधं नाव, असा एक नंबर ग्रुपमध्ये ठेवलाय जो कोणालाच माहीत नाही. त्या नंबरवर असला मेसेज आला की कळतं आपल्यातून कोणीतरी नंबर उचलतोय, मग पाठवणारा नंबर मेंबरच्या यादीत शोधायचा, त्याच सुमाराला आलेल्या नवीन लोकांकडे बघायचं आणि ग्रुपवर सगळ्यांना सावध करायचं.

टेलिग्रामवर सोयी जास्त आहेत. जॉईन व्हायला मंजुरी, एकेका मेंबरला लिंक-फोटो काही दिवस बंद ठेवणं, स्लो मोड लावून दोन मेसेजमध्ये वेळ ठेवणं, बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) लावून नवीन आलेल्यावर आपोआप बंधन घालणं, सगळं होतं. बॉट लावताना त्याला सगळे ॲडमिन हक्क देऊ नका, मेसेज काढणं आणि मेंबर रोखणं एवढे दोनच पुरतात.

इतकं करूनही एखादी पोस्ट सुटते. तेव्हा आधी डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट: पोस्ट, प्रोफाईलची लिंक, नंबर, वेळ, सगळं दिसेल असा. मग रिपोर्ट, मग डिलीट, मग ब्लॉक. त्यानंतर ग्रुपवर स्वतः लिहा की रात्री अमुक वेळेला अशी पोस्ट होती, कोणी पैसे दिले असतील तर लाजू नका, सांगा. कोणाचे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाईनला लगेच फोन लावायला सांगा, जितका लवकर फोन तितके पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त. कोणी एपीके टाकून बसला असेल तर आधी मोबाईलचं नेट बंद, मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून खातं रोखायला सांगायचं, ॲप काढायचं नंतर.

ॲडमिन लोक एका गोष्टीला फार घाबरतात, दुसऱ्याच्या पोस्टसाठी आपल्यावर केस होईल. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका निकालात म्हटलंय की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी फक्त ॲडमिन आहे म्हणून व्हॉट्सॲप ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा आधीपासून संगनमताने तसा बेत असल्याचं दिसलं पाहिजे. म्हणून भीतीपोटी ग्रुप "फक्त ॲडमिन बोलतील" करून ठेवू नका. पण चुकीचं दिसल्यावर काढायला उशीर करू नका.

एक वही ठेवा, किंवा शेअर केलेली शीट. तारीख, नाव, काय टाकलं होतं, कोणी काय ठरवलं. महिन्याच्या शेवटी तिघांनी बसून बघायचं की थांबवलेल्यातले खरे किती निघाले. खरे जास्त निघत असतील तर यादीतला कोणता शब्द त्यांना अडवतोय ते शोधून काढून टाका. आमच्याकडे "मोफत" हा शब्द असाच निघाला, कृषी विज्ञान केंद्राच्या मोफत प्रशिक्षणाची माहिती टाकणारे सगळे त्यात अडकत होते.

शेवटचं, ॲडमिनचंच अकाउंट. ते हातातून गेलं तर वरचं सगळं एका मिनिटात वाया, कारण ॲडमिनने टाकलेलं कोणीच तपासत नाही. प्रत्येक ॲडमिनने टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावायचा, सहा आकडी कोड कोणी मागितला, अगदी दुसऱ्या ॲडमिनच्या नावाने मागितला तरी द्यायचा नाही, आधी फोन करून आवाज ऐकायचा. मृगबागेच्या आधी, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही तिघे एकमेकांना फोन लावून पिन चालू आहे का ते स्क्रीन बघून सांगायला लावतो, कांदेबागेच्या आधी सप्टेंबरात परत एकदा.